दुकानदार कंपनीकडे पाठवतो, कंपनी म्हणते दोषच नाही : मॉनिटरच्या वॉरंटीचा दावा कसा करावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तावीस इंची, २५६० बाय १४४० रिझोल्यूशनचा मॉनिटर घेऊन आठ महिने झाले. सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पडद्याच्या उजव्या बाजूला एक बारीक उभी रेघ उमटते, मधूनच चित्र लुकलुकते, आणि मॉनिटर थंड झाला की सगळे पूर्ववत होते. याशिवाय डाव्या कोपऱ्यात दोन काळे ठिपके आहेत. दुकानदार म्हणतो, ‘बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती, आता कंपनीकडे जा.’ कंपनीच्या सेवा केंद्राने मॉनिटर तपासून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत दिला. आता दुकानदाराला कडक नोटीस पाठवावी का, आणि तिच्यात काय लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे एका संगणक-विक्रेत्याकडे परत आलेला माल आणि वॉरंटीचे दावे पाहण्याचे काम केले आणि आता मॉनिटर-दुरुस्ती करते. काउंटरच्या दोन्ही बाजूंचा अनुभव असल्यामुळे सांगते की नोटिशीची वेळ अजून आलेली नाही. तुमची खरी अडचण दुकानदाराच्या वागण्यापेक्षा कागदपत्रांत आहे. या मॉनिटरविषयी आज एकच अधिकृत कागद अस्तित्वात आहे आणि तो ‘दोष नाही’ असे म्हणतो. नोटीस कितीही कडक लिहिली तरी उत्तरादाखल तोच कागद पुढे केला जाईल. म्हणून आधी दोषाची नोंद तुमच्या बाजूने झाली पाहिजे, आणि मग कोणाकडून काय मागायचे ते ठरवले पाहिजे.

दावा आल्यावर दुकानात काय घडते, हे समजून घेतले तर पुढचे बरेचसे सोपे होईल. काउंटरवरच्या माणसाला सहसा निर्णयाचा अधिकार नसतो. तो बिल आणि सीरियल नंबर पाहतो, दोषाचे एका ओळीत वर्णन लिहितो आणि माल वितरकाकडे किंवा कंपनीकडे पाठवतो. कंपनीने दावा नाकारला तर तो मॉनिटर दुकानाच्या गळ्यात पडतो, कारण ग्राहकाला नवा दिलेला असतो आणि जुन्याची भरपाई मिळत नाही. या एका भीतीपोटी दुकानदार अस्पष्ट तक्रारी टाळतात. ‘कधी कधी रेघ येते, कधी कधी चमकते’ हे वर्णन वाचून मीसुद्धा त्या काळी मॉनिटर बाजूला ठेवला असता. याउलट, दोष कोणत्या परिस्थितीत, किती वेळाने आणि नेमका कोठे दिसतो हे लिहिलेले असेल, आणि तो संगणकाचा किंवा केबलचा नाही हे आधीच सिद्ध केलेले असेल, तर असा दावा पुढे पाठवायला कोणी कचरत नाही. त्या माणसाच्या हातात न परतणारा दावा द्यायचा, हे तुमचे काम आहे.

त्यासाठी प्रथम दोष मॉनिटरमध्येच आहे याची खात्री करा. रेघ दिसत असताना संगणकावर स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या एखाद्या पडद्यावर किंवा फोनवर उघडा. स्क्रीनशॉटमध्ये रेघ असेल तर ती संगणकात, बहुधा ग्राफिक्स कार्डात, तयार होत आहे. नसेल तर दोष संगणकाच्या पुढे, म्हणजे केबल किंवा मॉनिटरमध्ये आहे. यानंतर मॉनिटरच्या बटणांनी उघडणारा त्याचा स्वतःचा मेन्यू पडद्यावर आणा आणि शक्य असल्यास तो रेघेच्या जागी सरकवा. हा मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नसतो. मेन्यूवरही रेघ दिसत असेल तर केबल आणि संगणक दोन्ही सुटले. शेवटी सिग्नलची केबल काढून टाका. ‘सिग्नल नाही’ हा संदेश दिसत असतानाही रेघ कायम राहिली, तर कोणत्याही तंत्रज्ञाला वाद घालायला जागा उरत नाही.

उष्णतेबरोबर येणारी आणि थंड झाल्यावर जाणारी सरळ उभी रेघ ही दुरुस्तीच्या कामात वारंवार दिसते. पॅनेलच्या, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेच्या भागाच्या, कडेला चित्राचे संकेत पोहोचवणाऱ्या पातळ, लवचिक पट्ट्या काचेवर चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टी पिक्सेलच्या अनेक उभ्या ओळी चालवते. गरम झाल्यावर भाग प्रसरण पावतात आणि एखादा सूक्ष्म जोड सुटतो. तेवढीच ओळ बंद पडते किंवा एका रंगात अडकते. थंड झाल्यावर जोड पुन्हा टेकतो. हा जोडणीचा दोष आहे, वापरणाऱ्याच्या हातून घडणारे नुकसान नव्हे, आणि वॉरंटी नेमकी अशाच दोषांसाठी दिलेली असते. मात्र काही जण रेघेच्या जागी कडेला दाबून पाहतात आणि रेघ गेली की दाबण्याची सवय लावून घेतात. असे कृपया करू नका. दाबाचे डाग पॅनेलवर राहतात, आणि मग ‘बाह्य दाबामुळे नुकसान’ हे कारण तुम्हीच कंपनीच्या हाती देता. मागचे आवरण उघडणे तर पूर्णपणे टाळा.

लुकलुकण्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची कारणे अनेक असतात: सैल किंवा निकृष्ट केबल, रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढायचे तो आकडा) केबलच्या क्षमतेपलीकडे लावलेला असणे, अ‍ॅडॉप्टिव्ह सिंक (पडद्याचा रिफ्रेश रेट संगणकाकडून येणाऱ्या फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, गतीशी जुळवणारी सोय) चालू असताना फ्रेमची गती वर-खाली होणे, किंवा खरोखरच बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या, सर्किटमधला बिघाड. विशेषतः व्हीए या एलसीडी प्रकारच्या काही पॅनेलवर अ‍ॅडॉप्टिव्ह सिंकमुळे गडद दृश्यांत प्रकाश हलताना दिसतो आणि कंपन्या त्याला दोष मानत नाहीत. म्हणून मॉनिटर मूळ सेटिंगवर आणा, अ‍ॅडॉप्टिव्ह सिंक आणि ओव्हरक्लॉक (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गतीने चालवणे) बंद करा, रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर ठेवा, मॉनिटरसोबत आलेली केबल वापरा आणि जमल्यास दुसऱ्या संगणकावर पाहा. एवढे करूनही लुकलुकणे राहिले तर ते दाव्यात लिहा, पण दुसऱ्या क्रमांकावर. रेघ ही तुमची भक्कम तक्रार आहे आणि लुकलुकणे ही कमकुवत. दोन्ही एका वाक्यात गुंफल्या की तपासणारा कमकुवत तक्रार उचलतो, तिचे दुसरे कारण सांगतो आणि कागद बंद करतो.

काळ्या ठिपक्यांविषयी मला स्पष्टच सांगावे लागेल की ते या दाव्यात घालू नयेत. तुमच्या मॉनिटरवर ३६,८६,४०० पिक्सेल आहेत आणि प्रत्येकात लाल, हिरवा व निळा असे तीन उपपिक्सेल असतात. यांपैकी काही सदोष निघणे उद्योगाने गृहीत धरलेले आहे. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकाने पॅनेलचे वर्ग ठरवले. त्यातील दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम प्रकाशमान असे २, कायम काळे असे २ आणि सदोष उपपिक्सेल ५ इतके चालतात. २००८ मध्ये हे मानक जाऊन त्याच्या जागी आयएसओ ९२४१ ची ३०० क्रमांकापासूनची मालिका आली, तरी वर्ग आणि मर्यादा ठरवण्याची पद्धत तीच राहिली. या हिशेबाने तुमच्या मॉनिटरवर सात काळे पिक्सेलही नियमात बसू शकतात. कंपन्या आपापली धोरणे यापेक्षा उदार ठेवू शकतात. उदाहरणार्थ, डेलच्या काही मॉनिटरवर एकही कायम प्रकाशमान पिक्सेल आढळला तर मॉनिटर बदलून देण्याची हमी असते. पण अशा हमी बहुतेक करून प्रकाशमान पिक्सेलपुरत्या असतात. तुमच्या मॉडेलच्या वॉरंटीपत्रकात पिक्सेलविषयीचे कलम जरूर वाचा. त्यात दोन काळे ठिपके बसत नसतील तर ते विसरून जा, कारण रेघेमुळे मॉनिटर बदलला तर ठिपके आपोआप जातील.

आता पुराव्याकडे वळू. सलग, न कापलेला असा एक छोटा व्हिडिओ पुरेसा असतो. त्यात मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर दाखवा, मग पुढे येऊन रेघ दाखवा, मेन्यू उघडून तो रेघेवर न्या, आणि केबल काढून ‘सिग्नल नाही’ या संदेशासह तीच रेघ दाखवा. फोनच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर हाताने स्थिर करा. अंधारात स्वयंचलित एक्स्पोजर प्रकाश अतोनात वाढवते आणि पडद्याच्या कडेने होणारी प्रकाशाची साधी झिरपही भयंकर दिसते. अनुभवी तपासनीस असे छायाचित्र पाहताच ते बाद करतो आणि पुढच्या खऱ्या पुराव्याकडेही संशयाने पाहतो. याखेरीज मॉनिटर बंद असताना काचेवर तिरका उजेड पाडून पुढची बाजू, चारही कोपरे आणि पाठ यांची छायाचित्रे काढा. रेघेचा दावा नाकारताना ‘फिजिकल डॅमेज’ हा शेरा सर्वांत सहज मारला जातो, आणि तो खोडून काढणारा पुरावा मॉनिटर हातचा जाण्यापूर्वीच तयार करावा लागतो.

सेवा केंद्राला दोष का दिसला नाही, याचे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. दोष पाऊण तासाने उमटतो आणि तिथे मॉनिटर बहुधा पाच-दहा मिनिटांसाठी सुरू केला गेला असेल. यात मला लबाडी वाटत नाही. दिवसभरात कितीतरी यंत्रे तपासायची असली की असेच होते. म्हणून दुसऱ्यांदा देताना जॉब शीटवर, म्हणजे सेवा केंद्राच्या नोंदीच्या कागदावर, दोषाचे वर्णन तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘पूर्ण ब्राइटनेसवर, पांढऱ्या किंवा करड्या पार्श्वभूमीवर, सलग किमान एक तास सुरू ठेवल्यानंतर उजव्या कडेपासून अमुक अंतरावर उभी रेघ, केबल काढल्यावरही कायम.’ जागा कमी असेल तर वेगळा कागद जोडा आणि त्याचा उल्लेख जॉब शीटवर करवून घ्या. ‘बाह्य नुकसान नाही’ ही नोंद आणि जॉब शीटची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. हाच मजकूर लिहिलेली चिठ्ठी मॉनिटरच्या पाठीवर चिकटवणे मला फार उपयोगी वाटते, कारण कागद एका टेबलावर राहतात आणि यंत्र दुसऱ्या टेबलावर जाते.

दुकानदाराची जबाबदारी किती, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि दुकानदार पुष्कळदा त्या एकच असल्यासारखे बोलतात. सात दिवसांत बदलून देणे हे दुकानाचे स्वतःचे धोरण आहे. ते संपले म्हणजे सगळे संपले असे होत नाही. कंपनीची वॉरंटी हे निर्मात्याचे वचन आहे आणि त्याच्या अटी पत्रकात असतात. या दोहोंपलीकडे, विकणाऱ्यावर कायद्याने येणारी जबाबदारी असते आणि ती देशागणिक बदलते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार विक्रेता दोन वर्षे उत्तरदायी असतो आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे आठव्या महिन्यात सिद्ध करण्याचे ओझे विक्रेत्यावर राहते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने ही मुदत सहा महिन्यांची आहे, त्यामुळे आठव्या महिन्यात ते ओझे ग्राहकावर येते. ऑस्ट्रेलियात विक्रेत्याने ग्राहकाला ‘निर्मात्याकडे जा’ असे सांगून हात झटकणे कायद्याला मान्य नाही. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष माल आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींबद्दल तक्रार करता येते, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते. तुम्ही कोठे राहता हे लिहिले नसल्याने यांपैकी तुम्हाला काय लागू आहे ते तुम्हीच पाहायचे आहे.

बिलावर विक्रेता म्हणून कोणाचे नाव आहे, हेही पाहा. ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळ एकाचे आणि विक्रेता दुसराच असू शकतो. दुसऱ्या देशातून परस्पर आणलेला माल असेल तर स्थानिक कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि मग विक्रेत्याची जबाबदारी हाच तुमचा मुख्य आधार उरतो. सीरियल नंबर बिलावर छापलेला असणे फार महत्त्वाचे आहे. तो नसेल तर काही कंपन्या वॉरंटी खरेदीपासून न मोजता उत्पादनाच्या तारखेपासून मोजू पाहतात, आणि गोदामात पडून राहिलेल्या मॉनिटरच्या बाबतीत तेवढ्यात कित्येक महिने हातचे जातात.

एवढी तयारी झाली की दुकानदाराला ईमेल पाठवा. फोनवर बोलणे झाले तरी त्याच दिवशी त्याचा गोषवारा लेखी पाठवा. मजकूर साधारण असा असावा: ‘अमुक तारखेला आपल्याकडून अमुक सीरियल नंबरचा मॉनिटर घेतला. सलग तासभर वापरानंतर पडद्यावर उभी रेघ येते. ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, मॉनिटरच्या मेन्यूवरही दिसते आणि केबल काढल्यावरही राहते. व्हिडिओ सोबत जोडला आहे. सेवा केंद्राने केलेली तपासणी दोष उमटण्याइतका वेळ चालली नव्हती असे दिसते. विक्रेता या नात्याने आपण हा दावा आपल्यामार्फत नोंदवून मॉनिटर दुरुस्त करून किंवा बदलून द्यावा, ही विनंती. अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावे. नकार असल्यास त्याचे कारण लिहून कळवावे.’ यात राग नाही, धमकी नाही, पण हे पत्र वाचणाऱ्याला काहीतरी करणे भाग पडते. शेवटच्या वाक्यावर माझा विशेष भर आहे. तोंडी ‘नाही’ म्हणणारे कितीतरी दुकानदार तेच कारण लिहून द्यायची वेळ आली की दावा स्वीकारतात, कारण ते कारण उद्या कोणापुढे मांडावे लागेल हे त्यांना कळते.

दुकानदाराच्या मोठ्या शाखा किंवा मुख्य कार्यालय असेल तर तिसरे पत्र काउंटरला पाठवण्याऐवजी तिकडे पाठवा. कंपनीकडेही समांतर तक्रार नोंदवा आणि पहिल्या जॉब शीटचा क्रमांक देऊन दीर्घ चाचणीची मागणी करा. दोघांकडे एकाच वेळी दाद मागण्यात गैर काही नाही. फक्त दोघांनाही पाठवलेला मजकूर तंतोतंत सारखा असू द्या. दुकानदाराला ‘एक तासाने’ आणि कंपनीला ‘सतत’ असे लिहिले गेले की ती विसंगती तुमच्याविरुद्ध वापरली जाते. लेखी नकार हाती आला किंवा दिलेली मुदत उत्तराशिवाय गेली, तर नोटिशीचा विचार करा. तेव्हा तिच्यात नवीन लिहिण्यासारखे फारसे राहणार नाही. व्हिडिओ, जॉब शीट आणि हे ईमेल यांचा तारखांसह उल्लेख पुरेल. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहाराबद्दल हरकत नोंदवता येते का तेही विचारा, पण त्याच्या मुदती कमी असतात आणि आठ महिन्यांनंतर तो मार्ग बंद झालेला असण्याची शक्यता अधिक आहे.

मॉनिटर कुरिअरने पाठवायचा असेल तर मूळ खोका आणि फोम वापरा. ते नसल्यास सेवा केंद्राकडून पॅकिंग मागवा, कारण घरी बांधलेल्या खोक्यात काचेवर दाब येतो आणि वाटेत तडा गेला की मूळ दोषाची चौकशीच थांबते. स्टँड आणि केबल सोबत पाठवायच्या का ते आधी विचारा. बहुतेक कंपन्या त्या मागवत नाहीत आणि पाठवल्यास परत मिळतीलच असे नाही. बांधतानाचा व्हिडिओ ठेवा.

बदली मॉनिटर मिळाला तर तो पुष्कळदा दुरुस्त करून तयार केलेला असतो, नवा नसतो. वॉरंटीपत्रकात तशी मुभा असेल तर त्यावर भांडण्यात अर्थ नाही, पण तो निर्दोष असण्याचा तुमचा हक्क कायम राहतो. काउंटरवरच तो लावून पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पूर्ण पडदे पाहा, घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी दोन-तीन तास सलग चालवा, आणि काही दिसले तर त्याच दिवशी कळवा. काही कंपन्या आधी बदली मॉनिटर पाठवतात आणि जुना परत येईपर्यंत कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. तसे असेल तर जुना ठरलेल्या मुदतीत पाठवून पोच जपून ठेवा. नव्या यंत्राचा सीरियल नंबर जुन्या बिलाशी जोडलेला आहे असे पत्र मागून घ्या आणि वॉरंटी जुन्याची उरलेली मुदत की स्वतंत्र मुदत, हे त्या पत्रात लिहून घ्या. हे पत्र नसेल तर पुढच्या वेळी बिल एका यंत्राचे आणि तक्रार दुसऱ्या यंत्राची असे होईल, आणि दाव्याच्या पहिल्याच पायरीवर तुम्हाला थांबवले जाईल.